सोनाआत्याचा किनारा

बडोदे

उत्तराण, म्हणजे आमची पतंगांची संक्रांत, नुकतीच होऊन गेली होती. निजामपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर कापलेले पतंग अजून अडकून होते आणि थंडी अशी पडली होती, की सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. बडोद्याची थंडी म्हटली की महाबळेश्वरकडच्या माझ्या मावसबहिणीला हसू येतं. हसू दे. आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशा गार, खिडक्या फटीफटींच्या. आम्हाला दहा अंशांतही काकडायला होतं.

अशा हवेत मी मॉरिशसला निघाले, तेही हवामानाच्या परिषदेला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. खंभातच्या आखाताकाठच्या गावांतल्या विहिरी हळूहळू खाऱ्या होत चालल्या आहेत. माझ्या विद्यार्थिनींना घेऊन मी बरीच वर्षं ते पाणी तपासत होते. त्यावरचा माझा निबंध परिषदेने निवडला आणि जाण्यायेण्याची सोयही केली. परदेशी जाण्याची माझी ही पहिलीच वेळ.

"हवा बिघडली याची चर्चा करायला समुद्रावरच जावं लागतं का?" सुरेश, माझा नवरा, बॅगेची कड्या-कुलुपं तपासत म्हणाला. "इथं वाडीत येऊन बसा म्हणावं. पोळातल्या अरुंद गल्लीत मे महिन्यात बसलं की सगळं कळतं."

मुंबईला विमान गाठायला आम्ही गाडीने निघालो. करजणला थांबून पोंक घेतला. महाराष्ट्रात ज्याला हुरडा म्हणतात तोच हा, फक्त आमच्याकडे त्यावर लिंबू-मिरीची शेव येते. कागदाच्या पुड्यातून तो गरमगरम खाताना सुरेशने मला आपला जाड स्वेटरही चढवायला लावला. माझ्या अंगात एक होताच. "विमानात फार गार असतं," असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

ते खरं होतं. पण विमान जिथे उतरलं तिथे काय असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

उतरल्यावर

दार उघडलं आणि ओल्या, गरम टॉवेलने कोणी तोंड पुसावं तशी हवा अंगावर आली. तिथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. सामानाच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत दोन्ही स्वेटर हातात आले होते, लोकरी मोजे पायाला चावत होते, आणि पट्टा फिरून फिरून रिकामा झाला तरी माझी बॅग आली नव्हती. निबंधाच्या, पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका हातातल्या पिशवीत होत्या, एवढंच नशीब. बाकी साड्या, औषधं, सगळं बॅगेत.

काउंटरवरच्या माणसाने खांदे उडवून इंग्रजीत "उद्या, कदाचित परवा" असं सांगितलं. मी स्वतःशीच म्हणाले, "अगं बाई! आता नेसू काय?"

"माझी साडी नेसा ना, ताई," मागून कोणी तरी म्हणालं.

मी गर्रकन वळले. परिषदेची पाटी हातात धरलेली, चाळिशीतली, सावळी, हसऱ्या डोळ्यांची एक बाई उभी होती. फुलांचा फ्रॉक, पायात सपाता, आणि तोंडात स्वच्छ मराठी.

तिचं नाव शांता. ती तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होती, आणि सुट्टी असल्यामुळे पाहुण्यांना आणण्याचं काम हौसेने अंगावर घेतलं होतं. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि विमानतळावर घामाघूम उभं असताना "माझी साडी नेसा" हे ऐकणं वेगळं. मी तिचा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

रस्ताभर ऊस. माणसाच्या वर गेलेला, हिरवागार, वाऱ्याने एका बाजूला कललेला. मधूनमधून शेतात काळ्या दगडांचे मोठे ढीग. शांता म्हणाली, "हे आमच्या पणजोबा-आज्यांनी वेचलेले दगड. ते रत्नागिरीकडून जहाजाने आले, ऊस लावायला. आधी दगड काढले, मग ऊस लागला." आमचे पूर्वज बडोद्याला संस्थानच्या फौजेत घोड्यावर बसून आले. त्यांना जमिनी मिळाल्या, नावं मिळाली. हिच्या पूर्वजांना दगड मिळाले. दोन्ही घरांत मराठी मात्र टिकली. आमच्यात गुजराती शिरली, त्यांच्यात तिथली फ्रेंच वळणाची क्रेओल. मी बोलण्याच्या भरात "चालशे" म्हणाले की ती हसायची, आणि ती मध्येच "बों", म्हणजे बरं, म्हणून मान डोलवायची तेव्हा मी.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये फुलणारा गुलमोहर तिथे जानेवारीत पेटलेला होता.

परिषद

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात परिषद होती. पहिल्या सकाळी शांताने मला रस्त्यावरच्या गाडीवरून ढोलपुरी आणून दिली. पातळ, मऊ, आत डाळीचं सारण. मी डोळे मिटून घास घेतला आणि दचकले. पुरणपोळीच, पण गूळ नाही! वर वालाची उसळ, टोमॅटोची तिखट चटणी आणि मिरचीचा ठेचा. गुजरातेत राहून डाळीतही साखर घालणाऱ्या मला हे अगदी उलटं होतं. दुसरी खाल्ली तेव्हा पटलं. तिसरी मी स्वतः मागितली.

शांताची जांभळी साडी नेसून मी निबंध वाचला. एक पारदर्शिका उलटी लागली आणि विहिरींचा नकाशा आरशात दिसावा तसा दिसला. पण माणसं समजून घेणारी होती. प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा छोट्या बेटावरून आलेले एक म्हातारे गृहस्थ शेवटी उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता तिथल्या बायका प्यायचं पाणी कुठून आणतात?" इतकी वर्षं मला सगळे क्षाराचं प्रमाण विचारत आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. हंडे, टँकर, रांगा, सुनांची भांडणं. ते मान हलवत राहिले. "आमच्याकडेही असंच," ते म्हणाले.

त्या दुपारी मोकळीक होती. शांता म्हणाली, "चला, तुम्हाला खरी खारी विहीर दाखवते."

सोनाआत्या

शांताचा नवरा विष्णू आपली पांढरी व्हॅन घेऊन आला. तो मितभाषी माणूस, हॉटेलांना भाजी पोचवायचा. आम्ही नैऋत्येला निघालो. उजवीकडे समुद्र, दूर लाटा फुटण्याची पांढरी रेघ आणि तिच्या अलीकडे काचेसारखं शांत, हिरवट पाणी. समोर समुद्रातून उठलेला एक प्रचंड, उभट डोंगर. इतकं देखणं ठिकाण मी तोवर पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

तिथल्या कोळ्यांच्या वस्तीत विष्णूची आत्या एकटी राहत होती. सोनाआत्या. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, नऊवारी नव्हे, गुडघ्याखाली येणारा झगा, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. काळ्या दगडांचं, पत्र्याच्या छपराचं घर. पुढे दोन खोल्या, मागे समुद्राकडे स्वयंपाकघर.

"कुठली गं तू?" तिने मला विचारलं.

"बडोद्याची."

"ते कुठं आलं?"

"गुजरातेत."

"मग मराठी कशी बोलतीस?"

"तुम्ही मॉरिशसात कशी बोलता?"

ती मोठ्याने हसली आणि मला ताट वाढलं. भात, नारळाच्या रसातली मासळी, कोवळ्या पाल्याची पातळ भाजी. मासळीत चिंच होती, आणि माझ्या आजीच्या कालवणात असायचा तसाच मिरीचा चटका होता. जेवून आम्ही मागे गेलो. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडली होती, हाताच्या शिरांसारखी. आत्याने पाण्यात उभ्या असलेल्या एका होडीकडे बोट दाखवलं.

"तिथं माझं अंगण होतं. त्याच्या पलीकडं विहीर. लग्न होऊन आले तेव्हा गोड पाणी. मग मचूळ. मग खारं. मग विहीरच आत गेली."

माझा सगळा निबंध तिने चार वाक्यांत सांगून टाकला होता. आणि त्यात कुठेही रड नव्हती. शेजारची मारी-तेरेझ तेवढ्यात वाटीतून काही घेऊन आली, रिकामी वाटी परत नेताना आत्याच्या झाडाच्या मिरच्या तोडून घेऊन गेली. दोघींनी बोलण्याचीही तसदी घेतली नाही.

वादळ

दुसऱ्या दिवशी माझी बॅग आली आणि तिच्यापाठोपाठ वादळाची बातमी.

तिथल्या लोकांची वादळाला तोंड देण्याची रीत बघण्यासारखी आहे. रेडिओ इशारे देतो, पहिल्यापासून चौथ्या पायरीपर्यंत. पहिली पायरी लागली की माणसं मेणबत्त्या, पाव, डब्यातली मासळी घेऊन येतात. दुसरीला खिडक्यांवर फळ्या ठोकतात, झाडांच्या जड फांद्या उतरवतात. तिसरीला रस्ते रिकामे. ना आरडाओरडा, ना ढकलाढकली. दुकानात पाव संपत आला तेव्हा माझ्यापुढच्या बाईने आपल्या दोनांतला एक मागच्या म्हाताऱ्याच्या टोपलीत टाकला. आमच्याकडे साखर महागणार अशी नुसती अफवा उठली तरी काय होतं, ते मला आठवलं.

हॉटेलने समुद्राकडच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. "ताई, आमच्या घरी चला," शांता म्हणाली. त्यांचं घर आत, उसाच्या मधोमध, सिमेंटचं होतं. पण आधी आत्याला आणायचं होतं. दुसरा इशारा लागलेला होता. आम्ही तिघं निघालो.

समुद्राचा रंग गेला होता. शिशासारखा दिसत होता. वारा अजून बेताचा, पण सुरूंतून एक सलग घूं असा आवाज येत होता.

आत्या दारात उभी होती. विष्णूला बघताच तिने हात आडवा केला.

"मो पा पू आले!"

"येणार नाही म्हणते," शांताने मला सांगितलं.

विष्णू अजीजीने काहीबाही सांगत राहिला. आत्या मग मराठीत आली, माझ्याकडे बघून. "ही वादळं मी ह्याच्या जन्माआधीपासून बघते. आणि देव? देवाला एकटं टाकून जाऊ?"

आतल्या फळीवर तिचे देव होते. पितळेचा गणपती, झिजलेली अन्नपूर्णा, आणि एक गोल दगड, तिच्या सासूच्या सासूने कोकणातून कमरेला बांधून आणलेला.

मला आमचा पूर आठवला. "आत्या, आमच्याकडे विश्वामित्री म्हणून नदी आहे," मी म्हणाले. "तिच्यात मगरी आहेत."

"शहरात?"

"भर शहरात. एका पावसाळ्यात नदीच सासूबाईंच्या घरात शिरली. त्याही म्हणाल्या, देव सोडून येणार नाही. मग आम्ही देव पुरणाच्या डब्यात घातले, झाकण लावलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेले. तीन दिवस देव डब्यात राहिले. सासूबाई रोज झाकण काढून नैवेद्य दाखवायच्या."

"देव रागावले नाहीत?"

"अजून तरी नाही."

आत्याने क्षणभर विचार केला. मग फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा काढला, पुसला, तळाला आपला धुतलेला झगा अंथरला आणि एकेक देव उचलून आत ठेवला. मला वाटलं, जिंकलो. विष्णूने डब्याला हात लावला, तसा तिने तो छातीशी ओढून घेतला आणि खाटेवर बसली.

"आत्या, चल ना आता," शांता रडकुंडीला आली.

आत्या माझ्याकडे बघत होती. "तू पाहुणी आहेस. तुला खोटं बोलायची गरज नाही. सांग, हे मला परत आणतील?"

मला ते कुठे माहीत होतं? आखाताकाठी मी किती म्हाताऱ्यांना चार दिवसांसाठी म्हणून मुलाकडे जाताना पाहिलं होतं. त्यांच्या दारांना पुढे कुलपंच दिसली. हवा, पाणी, पत्रा या कशालाही ही बाई भीत नव्हती. तिला भीती होती ती आमच्या काळजीची.

"मला माहीत नाही, आत्या," मी म्हणाले. "ते विष्णूलाच विचारायला हवं."

विष्णू तिच्यापुढे उकिडवा बसला. एवढा धिप्पाड माणूस, त्याचे डोळे भरून आले होते. त्याने डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "वारा उतरला की पहिल्यांदा तुला इथं आणीन. घर असो, नसो. तू म्हणशील तेव्हाच परत नेईन. शपथ."

आत्याने डबा दोन्ही हातांनी उचलला. मग उठली. "मारी-तेरेझला पण घ्या," ती म्हणाली. "ती एकटी घाबरते."

मारी-तेरेझ दोन कोंबड्या काखेत घेऊन तयारच होती. व्हॅनमध्ये कोबीच्या पाट्यांवर आम्ही सगळे कसेबसे बसलो. घरी पोचेपर्यंत तिसरा इशारा लागला होता.

मग दुपारी वादळ आलं. पाऊस आडवा येत होता, उसाचं अख्खं शेत झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं. वीज गेली. सिमेंटच्या भिंतीला पाठ टेकली की तिची थरथर कळायची. शांताने डब्यातल्या मासळीची मिरची-कांदा घालून चटणी केली. पावाबरोबर ती इतकी चविष्ट लागली, की एवढ्या भीतीतही मी दुसऱ्यांदा घेतली. मारी-तेरेझ माळ जपत होती. आत्या मांडीवर देवांचा डबा घेऊन, मधूनच झाकण किंचित उघडून आत काहीतरी पुटपुटत होती. मग दोघी भांडायला लागल्या. शांताने भांडणाचं कारण सांगितलं तेव्हा माझी भीती जरा निवली. एकीचं म्हणणं कोंबड्या देवाजवळ नकोत, दुसरीचं म्हणणं देवाने कोंबड्याही केल्यात.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. गेली, एवढं खरं.

परत

सकाळी इशारा उठवल्याची बातमी आली आणि विष्णूने कोणी काही बोलायच्या आत व्हॅनची किल्ली उचलली.

रस्त्यावर फांद्या, तारा, उसाची पानं. जागोजागी माणसं कोयते घेऊन रस्ता मोकळा करत होती. बोलावलं कोणीच नव्हतं. आमची व्हॅन अडली की चार हात पुढे यायचे, फांदी बाजूला व्हायची.

आत्याच्या पुढच्या दोन खोल्या उभ्या होत्या. त्यांच्यावरचा पत्रा गेला होता. स्वयंपाकघर नव्हतं. पडलं होतं असंही नाही. तिथे नुसती वाळू होती, सपाट, ओली, जणू त्या जागी कधी काही नव्हतंच. परवा मी जेवले ती जागा मला दाखवता आली नसती.

आत्या वाळूच्या कडेला उभी राहिली. मला वाटलं, आता कोसळेल. तिने पायाने थोडी वाळू बाजूला सारली. मग म्हणाली, "चूल इथं होती." आणि थोड्या वेळाने, "काल मी तिच्यापाशीच बसले असते."

विष्णू मान खाली घालून उभा होता. आत्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणलंस," ती म्हणाली. "शब्दाचा आहेस."

तेवढ्यात शेजारपाजारचे येऊ लागले. मशिदीजवळच्या दुकानदाराने थर्मासमधून चहा आणला. एका कोळ्याने आत्याचं पातेलं सुरूच्या मुळांतून शोधून आणलं. एक खुर्ची आली. आत्या तिच्यावर बसून हुकूम सोडू लागली.

परिषदेचं शेवटचं सत्र दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या जेवणघरात, विजेवाचून झालं. निवेदनाचा मसुदा वाचून दाखवला गेला. त्यात एक वाक्य होतं: धोक्यातल्या किनारी वस्त्या वेळीच हलवाव्यात. माना डोलल्या. परवापर्यंत माझीही डोलली असती. मी हात वर केला. पारदर्शिका नव्हत्या, आकडे नव्हते, इंग्रजी अडखळत होतं. एक म्हातारी निघायला तयार का नव्हती आणि शेवटी का निघाली, एवढंच मी सांगितलं. "माणूस निघतो तो परतीचा शब्द मिळाल्यावर," मी म्हणाले. "निदान त्याला विचारा तरी." प्रशांत महासागरातले ते म्हातारे गृहस्थ उठून माझ्या बाजूने बोलले, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर त्या वाक्यात 'तिथल्या रहिवाशांना विचारून, शेजाऱ्यांना एकत्र ठेवून' एवढे शब्द बसले. जगाच्या दृष्टीने काहीच नाही. मी मात्र त्या दिवशी छाती काढून जेवले.

निघायच्या दिवशी विष्णूने मला विमानतळावर नेताना वाट वाकडी केली. आत्याने निर्णय घेतला होता. झोपायला विष्णूकडे, दिवसा इथे. पुढच्या खोल्यांवर ताडपत्री होती. भिंतीलगत तीन काळे दगड मांडून चूल केली होती आणि तिच्यावर भात शिजत होता. फळीवर गणपती, अन्नपूर्णा आणि तो गोल दगड पुन्हा बसले होते. मारी-तेरेझच्या कोंबड्या दारातच हिंडत होत्या, म्हणजे तो वाद मिटला नव्हता.

मी वाकून नमस्कार केला. आत्याने माझी हनुवटी धरली. तिच्या बोटांना राखेचा वास होता.

"समुद्राच्या कामाला आलीस," ती म्हणाली. "पुन्हा येशील तेव्हा माझ्या कामाला ये."